सूक्ष्मकर्ज आणि कोकणातील महिलांचे सक्षमीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, गुहागर आणि रत्नागिरी तालुक्यांतील बचत गटांच्या वह्या तपासताना आणि त्यांच्या बैठकांना बसताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडले, ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न कर्ज घेणाऱ्या महिलांचे आहेत, काही त्यांच्या घरच्यांचे, तर काही गटांचा अभ्यास करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्न सारख्या खोलीचे नाहीत.

सूक्ष्मकर्ज नेमके कशाला म्हणतात?

रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्या कुटुंबाला तारण न घेता दिलेले कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज होय. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. हे कर्ज बँकेने दिले असो वा वित्त कंपनीने, हीच व्याख्या लागू होते.

बचत गटाचे कर्ज आणि ‘फायनान्स’चे कर्ज ही एकच गोष्ट आहे का?

नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे बरेच घोटाळे होतात. वाडीवर विचारले तर दोन्हीकडच्या महिला “मी गटात आहे” असेच सांगतात. त्यामुळे मी पहिल्यांदा त्यांना घरातले पुस्तक आणायला सांगते. त्या पुस्तकात बचतीचे रकाने असतील, तर तो बचत गट आहे. नुसते हप्त्यांचे रकाने असलेले कार्ड असेल, तर ते वित्त कंपनीचे कर्ज आहे.

बचत गटात साधारण दहा ते वीस महिला असतात. त्या आधी दरमहा ठरावीक रक्कम साठवतात, मग त्याच पैशातून एकमेकींना कर्ज देतात, आणि गटाचा व्यवहार नीट चालला की बँक त्या गटाला कर्ज देते. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, १९९२ मध्ये हा बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि त्यानंतर आलेले राज्याचे ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्या आधाराने असे गट वाडीवाडीत उभे राहिले. कोणाला किती कर्ज द्यायचे, कोणाचा हप्ता एक महिना पुढे ढकलायचा, हे तेथे महिला स्वतः ठरवतात.

वित्त कंपनीच्या गटात महिला एकत्र येतात त्या एकमेकींना जामीन राहण्यासाठी. त्यांची स्वतःची बचत त्यात नसते. कर्जाची रक्कम, मुदत, हप्त्याचा दिवस हे सारे कंपनी ठरवते. आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला कोणाच्या तरी पडवीत बैठक होते, वसुलीला आलेले ‘सर’ पैसे मोजून घेतात आणि पुढच्या गावाला जातात. कर्ज लवकर मिळते, हा त्याचा खरा गुण आहे, आणि अडचणीच्या वेळी तो लहान गुण नव्हे. मात्र या दोन व्यवस्थांचा महिलांच्या आयुष्यावर होणारा परिणाम एकसारखा मानता येत नाही.

कर्ज मिळाले म्हणजे महिला सक्षम झाली असे म्हणता येईल का?

कर्ज हे साधन आहे, आणि साधन हातात येणे व ते आपल्या मनाने वापरता येणे यांत अंतर असते. अर्थतज्ज्ञ नायला कबीर यांनी १९९९ मध्ये सक्षमीकरणाची जी मांडणी केली, ती येथे फार उपयोगी पडते. साधने, निर्णय घेण्याची ताकद आणि त्यातून प्रत्यक्ष पदरात पडलेले फळ, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आपल्याकडचे बहुतेक अहवाल पहिल्याच पायरीवर थांबतात. किती महिलांना किती कोटींचे वाटप झाले आणि किती टक्के वसुली झाली, एवढेच त्यांत असते. वसुली चांगली झाली यावरून कर्ज देणाऱ्याचे पैसे सुरक्षित आहेत एवढे सिद्ध होते. तो हप्ता महिलेने आपल्या धंद्याच्या नफ्यातून भरला, पोटाला चिमटा घेऊन भरला, की दुसरीकडून उसने घेऊन भरला, हे त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून मी वही तपासताना तीन गोष्टी विचारते. कर्जाचे पैसे मिळाले त्या रात्री ते घरात कोणाजवळ होते? त्यांतून काय आणायचे हे कोणी ठरवले? आणि हप्ता कोणाच्या कमाईतून जातो? या तिन्हींचे उत्तर “माझ्या” असे आले, तर कर्जाने काहीतरी बदलले आहे असे मी मानते. पहिली दोन उत्तरे नवऱ्याची आणि तिसरे मात्र तिचे, असे असेल तर त्या घरात महिलेला सत्ता मिळालेली नाही, तिच्यावर फक्त जबाबदारी वाढलेली आहे.

या विषयावर जगभर झालेल्या अभ्यासांतून काय निष्पन्न झाले?

सुरुवातीच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातील जोब्रा गावात सुरू केलेल्या प्रयोगातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ मध्ये युनूस व ती बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळात सूक्ष्मकर्ज हा दारिद्र्यावरचा आणि स्त्रियांच्या दुय्यमतेवरचा एकत्रित उपाय मानला जात होता.

पुढे काटेकोर तुलनात्मक अभ्यास झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत असा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथे कर्जसंस्थेची शाखा आधी सुरू करण्यात आली आणि उरलेल्या वस्त्यांशी तुलना केली गेली. आधीपासून चालू असलेल्या धंद्यांत गुंतवणूक वाढली, टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, परंतु घरातील निर्णयांत महिलांचे स्थान, मुलांचे शिक्षण किंवा आरोग्य यांत ठळक फरक आढळला नाही. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांचाही सूर साधारण तोच होता : थोडा लाभ होतो, पण आयुष्य पालटत नाही.

याचा अर्थ कर्ज निरुपयोगी आहे असा काढू नये. काही जणींना चांगला लाभ होतो, काहींना तोटा होतो आणि सरासरीत दोन्ही झाकले जातात. आपला प्रश्न हा असायला हवा की लाभ कोणाला होतो आणि कोणत्या परिस्थितीत होतो.

कर्ज बायकोच्या नावावर काढून नवऱ्याच्या धंद्यात घातले, तर त्यात वाईट काय? घर तर एकच आहे.

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो बहुधा महिलाच विचारतात. नवऱ्याच्या होडीचे इंजिन बिघडले असेल, रिक्षाचा टायर गेला असेल, तर कर्जाचा पैसा तेथे लावणे हा घराच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय असू शकतो. भारत, श्रीलंका आणि घाना येथील आकडेवारीवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात असे दिसले की महिलेच्या धंद्यात कर्जाचा पैसा कमी फळतो असे जे वाटते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे घरात दुसरा धंदा असेल तर तो पैसा त्या धंद्याकडे वळतो. म्हणजे बाईला धंदा जमत नाही हा निष्कर्ष चुकीचा होता. तिच्या धंद्याला भांडवल पोचलेच नव्हते.

अडचण पुढे येते. होडी चालली तर त्या कमाईचा मालक नवरा असतो, होडी बुडाली तर हप्त्याची देणेकरी बायको असते. हर्णैला एका मासे विकणाऱ्या ताईंनी मला आपल्या कमरेच्या पिशवीतले पैसे दाखवले होते. लिलावात म्हावरे घ्यायचे पैसे एका रुमालात आणि हप्त्याचे पैसे दुसऱ्या रुमालात, अशा दोन गाठी होत्या. कर्ज जाळ्यांसाठी काढले होते आणि जाळी घरातल्या पुरुषांची होती. महिना वाईट गेला की पहिल्या रुमालातले पैसे दुसऱ्यात जात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाटी अर्धीच भरत असे. नवऱ्याच्या कर्जाने तिचा चांगला चालणारा धंदा थोडा थोडा खाल्ला जात होता, आणि कार्डावर मात्र सगळे हप्ते वेळेवर भरलेले दिसत होते.

पैसा नवऱ्याच्या धंद्यात लावायचाच असेल, तर निदान एवढे बोलून घ्यावे : हप्ता त्याच धंद्यातून जाईल, आणि त्यातून जी वस्तू येईल तिच्या कागदावर बायकोचेही नाव लागेल.

कर्जसंस्था महिलांनाच कर्ज का देतात?

महिला परतफेड वेळेवर करतात, दिवसा घरी सापडतात, गाव सोडून सहसा जात नाहीत आणि चारचौघींत नाव खराब होण्याची त्यांना भीती असते. यांतली शेवटची दोन कारणे सक्षमीकरणाची नाहीत, उलट ती महिलांच्या बांधलेपणाचा उपयोग करून घेतात. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. व्यवस्थेचे गणित असे आहे आणि ते कर्ज घेणाऱ्या प्रत्येकीला माहीत असायला हवे.

कोकणात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे का?

बरेच वेगळे आहे. कोकणातील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले आणि घर, शेत, गुरे, म्हातारी माणसे बायकांनी सांभाळली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या, त्यामागे हे स्थलांतर आहे. मनीऑर्डर यायची ती बाईच्या हातात यायची. म्हणजे रोजचा व्यवहार सांभाळण्याची सवय येथील महिलांना पूर्वीपासून आहे. पण घर दुरुस्त करायचे का, आंब्याची कलमे कराराने द्यायची का, मुलीला पुढे शिकवायचे का, असे मोठे निर्णय मे महिन्यात किंवा गणपतीत चाकरमानी आल्यावरच होतात. रोजचा खर्च तिच्याकडे आणि मोठा निर्णय त्याच्याकडे, ही विभागणी कर्जाने आपोआप मोडत नाही. फोनवरून परवानगी घेऊन काढलेली कर्जे मी भरपूर पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट जमिनीची. येथे जमिनीचे तुकडे लहान, सातबारा सामाईक, त्यावर पंधरा-वीस नावे आणि त्यांतली अर्धी माणसे डोंबिवली-विरारला. अशा सातबाऱ्यावर बँकेचे तारण कर्ज मिळणे पुरुषालाही अवघड जाते. बाईचे नाव तर त्यावर बहुधा नवरा गेल्यानंतर चढते. म्हणून विनातारण कर्जाचे महत्त्व कोकणात खरोखर मोठे आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हंगाम. कोकणात पैसा वर्षभर सारखा येत नाही. काजू बी आणि आंबा मार्च ते मे, कोकमे उन्हाळ्याच्या शेवटी, पर्यटक मे महिन्यात आणि दिवाळी-नाताळात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. पावसात सुकी मासळी वाळत नाही, आमसुले वाळत नाहीत, पापड-फेण्यांना ऊन मिळत नाही. श्रावण लागला की नारळी पौर्णिमेनंतर होड्या नियमित सुटतात, आणि लगेच गणपतीचा खर्च उभा राहतो. एवढ्या चढउताराच्या कमाईवर दर आठवड्याला सारख्याच रकमेचा हप्ता बसवला, तर जून-जुलैत तो हप्ता कोठून येणार? सोने गहाण पडते, नाहीतर दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेऊन पहिलीचा हप्ता भरला जातो. कर्जाच्या सापळ्याची सुरुवात बऱ्याचदा व्याजदरापेक्षा या हप्त्याच्या वेळापत्रकातून होते.

मग हप्ता हंगामाप्रमाणे बदलून मिळतो का?

मागितला पाहिजे. कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्ते किती दिवसांनी भरायचे यात लवचीकता ठेवण्याचे धोरण प्रत्येक कर्जसंस्थेने करावे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांतच आहे. आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता घ्यावा. बचत गटाचे अंतर्गत कर्ज असेल तर जून-जुलैत फक्त व्याज आणि ऑगस्टपासून मुद्दल, असा ठराव बैठकीत घेऊन इतिवृत्तात लिहावा. पाजपंढरीपासून मालवणपर्यंतच्या कोळीवाड्यांतील गटांनी हे नियमाने केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोलकात्यात या संदर्भात एक अभ्यास झाला होता. काही महिलांचा हप्ता कर्ज मिळाल्यावर दोन आठवड्यांनी सुरू झाला, तर काहींना दोन महिन्यांची सवलत मिळाली. सवलत मिळालेल्या महिलांनी धंद्यात अधिक पैसे गुंतवले आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. त्याचबरोबर त्यांच्यात थकबाकीही थोडी अधिक झाली. म्हणजे लवकर सुरू होणारा हप्ता कर्जसंस्थेला सुरक्षित ठेवतो, आणि त्याची किंमत कर्जदाराच्या धंद्याला मोजावी लागते.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा गट पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतो, तो पाहण्यासारखा आहे. अशा कामातही पावसाचे महिने रिकामे जातात, म्हणून कर्जाची मुदत ठरवताना वर्षाचे बारा महिने न धरता कमाईचे आठ महिनेच धरावेत.

बारा टक्के व्याज सांगितले होते, मग पैसे जास्त का गेले?

कारण ते बारा टक्के सपाट दराने असतात. उदाहरण घेऊ. ३०,००० रुपये कर्ज, एक वर्ष मुदत, सपाट १२ टक्के. व्याज ३,६०० रुपये, एकूण परतफेड ३३,६०० रुपये, महिन्याचा हप्ता २,८०० रुपये. आता विचार करा : तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आहात, तरी व्याज मात्र पूर्ण ३०,००० रुपयांवर वर्षभर लागते आहे. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. त्यातही प्रक्रिया शुल्क आणि विमा यांचे ९०० रुपये आधीच कापून हातात २९,१०० रुपयेच आले, तर खरा दर सत्तावीस टक्क्यांच्या वर जातो.

कर्ज देताना माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे आणि त्यावर सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असला पाहिजे. ते पत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. सही करण्यापूर्वी ते घरी न्यावे, बारावीत शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे. कर्ज मुदतीपूर्वी फेडले तर दंड लावता येत नाही, आणि उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवरच लावता येतो, संपूर्ण कर्जावर नाही.

बचत गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज घेतो, तेही चोवीस टक्केच झाले ना?

झाले. पण ते व्याज गटाच्याच खात्यात जमा होते आणि त्यावर हक्क त्याच महिलांचा असतो. ज्या गटांच्या वह्या स्वच्छ आहेत, त्या गटांत वर्षाअखेरीला हे व्याज नफा म्हणून वाटून घेता येते. बँकेचे कर्ज स्वस्तात मिळू लागल्यावर मात्र अंतर्गत दर कमी करावा. तो जुन्याच सवयीने चालू ठेवला, तर गरीब सदस्यांच्या व्याजातून ज्यांना कर्जाची गरज नाही त्यांना नफा मिळतो, आणि हे बरोबर नाही.

एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तो भरायचाच का?

सामूहिक हमीवर सही केली असेल, तर तशी जबाबदारी तुम्ही घेतलेली आहे. म्हणूनच गटात कोणाला घ्यायचे हा निर्णय ओळखीवर न घेता तिच्या कमाईचा अंदाज घेऊन घ्यावा. या व्यवस्थेचे सर्वांत मोठे नुकसान पैशाचे नसते. एकाच विहिरीवर, एकाच नळावर भेटणाऱ्या बायका एकमेकींकडे वसुलीच्या नजरेने पाहू लागतात. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुलीचा हप्ता थकला म्हणून तिच्या सासूला बैठकीतून उठू दिले नाही, असा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. अडवणाऱ्या तिच्याच वाडीतल्या होत्या आणि ‘सर’ गप्प बसून होते. त्या घरांत पुढे कित्येक दिवस हळदीकुंकवाचे बोलावणे गेले नाही.

वसुलीसाठी घरी येऊन बसले, ओरडले, तर काय करावे?

परतफेडीची जागा दोघांच्या संमतीने ठरलेली असते, आणि लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा कर्जदार तेथे आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी येता येते. सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणे, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणे, चारचौघांत नाव जाहीर करणे यांना मनाई आहे. हे नियम सहज आलेले नाहीत. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, तेथील सरकारने अध्यादेश काढला, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला आणि नियमांची चौकट उभी राहत गेली.

तक्रार प्रथम कर्जसंस्थेकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. एकटीने जाण्यापेक्षा ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, ठरावासह गेल्यास तक्रार वजनदार ठरते.

एका वेळी किती कर्जे घ्यावीत?

नियम असा आहे की घरातील सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. कोकणासाठी मी याहून कडक मोजमाप सुचवते : वर्षातील सर्वांत वाईट महिन्याचे, म्हणजे जुलैचे उत्पन्न धरा आणि हप्ता त्यात बसतो का ते पाहा.

जावेसाठी किंवा शेजारणीसाठी माझ्या नावावर कर्ज काढून दिले तर चालेल का?

काढू नये. नात्यापोटी नाही म्हणणे जड जाते हे मला माहीत आहे. परंतु कागदावर देणेकरी तुम्ही असता, आणि तिचा हप्ता थकला की तुमची पत खराब होते. मदत करायचीच असेल तर झेपेल तेवढी रक्कम स्वतःच्या बचतीतून द्यावी.

कर्जामुळे घरातली भांडणे, मारहाण वाढते का?

दोन्ही प्रकारचे अनुभव नोंदले गेले आहेत. बाई पैसा आणते म्हणून घरात मान वाढला, अशी घरे आहेत. कर्ज मिळाले ते हातात दिले नाही म्हणून हात उगारला, अशीही आहेत. दारूचे व्यसन असलेल्या घरात एकरकमी रोख रक्कम येणे धोक्याचे असते, म्हणून अशा वेळी गटाने रोख न देता शिलाई मशीन, शेळी, काजू फोडण्याचे यंत्र अशी वस्तूच विकत घेऊन द्यावी. मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, आणि १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. गटाच्या बैठकीत असा विषय निघाला तर “घरातली गोष्ट आहे” म्हणून तो मिटवू नये. गटाचा सर्वांत मोठा उपयोग मला वाटतो तो हाच, की दर महिन्याला पंधरा बायका एकत्र बसतात आणि एखादी आली नाही तर ती का आली नाही याची चौकशी होते.

वादळ किंवा पुरात सगळे गेले तर कर्जाचे काय?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा शिलाई मशीन, पिठाच्या गिरण्या, दुकानातला माल चिखलात गेला. कर्ज अशाने माफ होत नाही, पण आपत्तीनंतर पुनर्रचना, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याची मागणी करता येते. त्यासाठी पंचनाम्याची प्रत लागते. पंचनामा घराचा होतो आणि पडवीतला धंदा त्यात नोंदलाच जात नाही, म्हणून यंत्र, माल आणि त्यांच्या पावत्या तलाठ्याला आवर्जून दाखवाव्यात. आणखी एक : कर्जासोबत कापला जाणारा विमा बहुधा कर्जदाराच्या किंवा तिच्या पतीच्या मृत्यूपुरताच असतो, धंद्याच्या मालाचा नसतो.

कोकणातल्या बायकांनी एकत्र येऊन कर्ज मिळवणे हे अलीकडचेच आहे का?

मुळीच नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून गेलेल्या हजारो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका किराणा दुकानदार आणि सावकार यांच्या देण्याखाली दबलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली. जोब्रा गावातला प्रयोग त्यानंतरचा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. साताऱ्यातील म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. सभासद महिला अंगठा लावतात म्हणून त्यांचा पहिला परवाना अर्ज नाकारला गेला होता, आणि मग त्या महिला लिहायला शिकल्या. या दोन्ही ठिकाणी संघटना आधी होती आणि कर्ज नंतर आले. त्यामुळे कर्जाचा उपयोग कोणी आणि कसा करायचा, हे त्या बायकांच्या हातात राहिले.

कर्ज न घेता पुढे जाता येत नाही का?

येते, आणि काही वेळा तोच चांगला मार्ग असतो. ज्या महिलेचा धंदा अजून सुरूच झालेला नाही, तिने पहिला हंगाम बचतीवर काढावा. दहा किलो कोकमांची आमसुले करून विकून पाहावीत, गिऱ्हाईक कोण आहे ते कळू द्यावे. मध्य प्रदेशात झालेल्या एका अभ्यासात मजुरी महिलेच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करून तिला ते खाते वापरायला शिकवले, तेव्हा घराबाहेर काम करणाऱ्या महिलांचे प्रमाण वाढले. तेथे कर्ज एक रुपयाचेही नव्हते. स्वतःचे खाते, त्याचे कार्ड स्वतःजवळ आणि पिन फक्त स्वतःला माहीत, एवढे झाले तरी बराच फरक पडतो. एका गटातील सतरा जणींना मी विचारले तेव्हा अकरा जणींची कार्डे मुलाकडे किंवा नवऱ्याकडे होती.

फायनान्सखेरीज दुसरीकडे कर्ज मिळू शकते का?

बचत गटाचे बँक कर्ज हा पहिला पर्याय. मासळीच्या व्यवसायासाठी किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१९ पासून खुली आहे आणि महिला गटही त्यासाठी अर्ज करू शकतात. शहरात पाटी घेऊन बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. लहान धंद्यासाठी मुद्रा योजनेतील ‘शिशु’ प्रकारात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. कागदपत्रांना आणि फेऱ्यांना वेळ लागतो, म्हणून गरज पडण्याच्या तीन-चार महिने आधी, म्हणजे आंब्याच्या हंगामासाठी दिवाळीच्या सुमारास अर्ज करावा.

माझ्या नावावर नक्की किती कर्जे आहेत हे मला कसे कळेल?

लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत अहवाल विनामूल्य मिळवण्याचा हक्क आहे. आधार आणि मोबाइल क्रमांक घेऊन गटातील फोन चालवणाऱ्या मुलीसोबत बसावे, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत काम होते. अहवालात प्रत्येक कर्जाची तारीख, रक्कम, शिल्लक आणि थकबाकी दिसते. आपण न घेतलेले कर्ज त्यात आढळले, तर त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवावी आणि संबंधित कर्जसंस्थेला लेखी कळवावे. पूर्ण फेडलेले कर्ज चालू दाखवले असेल तर कर्जसंस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. तो दाखला, माहितीपत्रक आणि हप्त्यांचे कार्ड एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे, आणि ती पिशवी घरात कोठे आहे हे मोठ्या मुलीला सांगून ठेवावे.